महेश्वरीचे शंभर घाव

सत्तेचाळीस वर्षांची बाई मोबाईलवर लढाईचा गेम खेळते म्हटलं की तुमचं तोंड वाकडं होतं की नाही? खरं सांगा. माझं झालं होतं. मी तिच्या घरी गेले ती सहीसाठी. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या ज्या टॉवेल कारखान्यात ती कामाला आहे, तिथं एकशेदहा बायकांत मिळून एक संडास आहे. दुसरा बांधा म्हणून आमची संघटना अर्ज फिरवत होती. अर्ज बाजूला ठेवून बाई मला म्हणाली, "अक्का, बसा की जरा. मला खेळत खेळत मोजायला जमत न्हाई. माझे घाव मोजा."

शनिवारची दुपार, शेळगीतलं दोन खोल्यांचं घर, आणि मी घाव मोजायचे. असल्या वेळी मी सरळ उठून जाते. त्या दिवशी गेले नाही, कारण तिनं आधीच एक चिठ्ठी आणि पेन माझ्या मांडीवर ठेवलं होतं.

महेश्वरी चेकिंगला आहे, बावीस वर्षं, कंत्राटी. दिवसाला आठ-नऊशे टॉवेल तिच्या हाताखालून जातात. डाग, सुटलेला दोरा, एका बाजूला कमी उठलेली लव, सगळं तिच्या बोटांना कळतं. ती पास म्हणाली की टॉवेल खोक्यात, नापास म्हणाली की ढिगात. एवढं असून सुपरवायझर तिला नावानं हाक मारत नाही. "ए चेकिंग" म्हणतो.

चार वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरून पाय मोडला आणि ती तीन महिने प्लास्टरमध्ये पडून होती. पुतणी श्रावणीनं वेळ जावा म्हणून फोनमध्ये हा गेम घालून दिला. त्यात टोळ्या असतात. आपला किल्ला राखायचा, दुसऱ्याचा पाडायचा. महेश्वरीच्या टोळीत अकरा जण, बार्शीपासून सांगोल्यापर्यंत विखुरलेले. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. तिचं गेममधलं नाव 'सोलापूर १३', म्हणून सगळे तिला पुरुषच समजत होते. पहिल्यांदा माइक सुरू करून बोलली तेव्हा पलीकडं सगळे एकदम बोलायला लागले. मग आशिष म्हणाला, "आयला, ही तर ताई निघाली." हा आशिष बार्शीच्या स्टँडजवळ मोबाईलचं दुकान चालवतो. तेव्हापासून ती सगळ्यांची ताई.

आणि या ताईच्या शब्दाला किंमत आहे. गेममध्ये नवीन हत्यार आलं की घ्यायच्या आधी सरावाच्या मैदानात ते फुकट चालवून बघता येतं. बाकीचे चार घाव मारतात आणि भारी आहे म्हणतात. महेश्वरी शंभर मारते. कारखान्यातून आणलेल्या पॅकिंगच्या चिठ्ठीच्या पाठीवर रेघा ओढते, किती बसले, किती हुकले. मग सांगते, पास किंवा नापास. गेममध्ये लढाया जिंकून मोहरा मिळतात, त्या टोळीच्या पेटीत जमा होतात, आणि ताईनं पास म्हटल्याशिवाय पेटीला कुणी हात लावत नाही.

मार्चमध्ये तिनं एक चिलखत पास केलं होतं. तीन आठवड्यांनी गेमच्या कंपनीनं त्याची ताकद निम्मी केली. यात तिची काय चूक? पण टोळीतला एक जण जाताना लिहून गेला, टॉवेल बघणाऱ्या बाईच्या नादाला लागून वाटोळं झालं. ते वाक्य तिनं पुसलं नव्हतं. मला दाखवलं. मी म्हटलं, त्याचा नंबर दे. ती म्हणाली, "नगं अक्का. तुमी भांडाल."

आता प्रश्न होता गुर्जाचा. गुर्ज म्हणजे लोखंडी गदा, त्या गेममधलं सगळ्यात जुनं हत्यार, जड आणि मंद, कुणी हात लावत नव्हतं. गुरुवारी कंपनीनं तो नव्यानं घडवून आणला. आता बोट दाबून धरलं की गुर्जाभोवती एक कडं भरत जातं. कडं लाल झालं की त्याच क्षणी बोट उचलायचं. बरोबर उचललं तर समोरच्याची ढाल एका घावात फुटते. क्षण हुकला की गुर्ज खाली पडतो आणि तुम्ही दोन सेकंद उघडे उभे. अकराही जणांना मिळून किंमत बारा हजार मोहरा. पेटीत होत्या बारा हजार चारशे, नऊ महिन्यांच्या. घेतला तर पेटी रिकामी, किल्ल्याचा दरवाजा पडला तर दुरुस्तीला काही नाही. आणि मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत.

"चुकलं तर टोळी फुटती," ती म्हणाली. "चार वर्षं. मला दुसरीकडं कोण विचारतंय, सांगा की."

तर मी मोजायला बसले. श्रावणी आली होती, तिचा फोन नवा, स्क्रीन मोठी. महेश्वरीनं तोच घेतला आणि त्यात आपल्या नावानं गेम उघडला. बोट दाबायचं, कडं लाल व्हायचं, बोट उचलायचं, समोरच्या लाकडी पुतळ्याची ढाल फुटायची. मी रेघा ओढत गेले. शंभरात त्र्याण्णव.

तिचा चेहरा खुलला. माइकवर आशिष वाटच बघत होता. "काय ताई, म्हटलं नव्हतं? आता पास म्हणा आणि मोकळ्या व्हा. मी काल दिवसभर ह्यानंच लोकांना आडवं पाडतोय. ढाल म्हणजे नुसता पापड."

महेश्वरीनं ग्रुपवर 'पास' टाईप केलं. पाठवायचं बटण दाबायचं राहिलं, कारण तेवढ्यात त्याच फोनवर श्रावणीच्या मैत्रिणीचा कॉल आला आणि खेळ झाकला गेला. आतल्या खोलीतून तिची सासू काशम्मा ओरडली, "यारदु फोनू?" कन्नडमध्ये, कुणाचा फोन. म्हातारीला जेवणावरून उठवणारा कुणाचाही फोन आवडत नाही.

"श्रावणीचा," महेश्वरी म्हणाली. आणि हातातल्या फोनकडं बघत राहिली.

मला काही कळेना. ती हळूच म्हणाली, "बावीस वर्षं मी काय करतीय अक्का? पार्टीला दाखवायला साहेब जो नमुना आणतात, त्यावरून मी कधी लॉट पास करती का? नमुना चांगलाच असतोय. लॉटमधला पीस काढून बघायचा असतोय. आणि मी आज नमुन्यावर पास लिहायला लागले."

तिनं श्रावणीचा फोन परत दिला आणि स्वतःचा काढला. चार वर्षांचा, मागचं झाकण रबरानं धरलेलं. पुन्हा शंभर. या फोनवर कडं लाल झालेलं दिसायलाच उशीर होत होता. दिसेपर्यंत क्षण गेलेला. मी रेघा ओढत होते आणि हुकलेल्यांची रांग लांबत होती. अठ्ठावन्न. मग तोच फोन श्रावणीच्या हातात दिला, वीस वर्षांची बोटं. सहासष्ट.

आशिषला आकडे सांगितले. त्यानं ते पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाला, "ताई, राग मानू नका. फोन तुमचा जुना झालाय. त्यात गुर्जाचा काय दोष?"

"माझाच जुना का बाकीच्यांचाबी?"

"तुमचाच असंल की. आजकाल कोण वापरतंय असला फोन."

"मग विचारते सगळ्यांना."

तिनं ग्रुपवर लिहिलं, 'प्रत्येकानं आपला फोन कोणता ते सांगा.' रविवारी सकाळी मी पुन्हा गेले. सह्यांचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे मला चैन पडत नव्हती. पाच जणांनी उत्तर दिलं होतं. एकाहून एक नवे फोन, आशिषनं तर डब्यासकट फोटो टाकलेला. पाच जण गप्प. संदेश वाचल्याची खूण दिसत होती, उत्तर नाही.

"हे गप्प का बसले?" मी विचारलं.

"डाग असलेला पीस माणूस घडीच्या आत घालतोय," ती म्हणाली.

दुपारी त्या पाचांतल्या एकाचा तिला एकटीला संदेश आला. तिनं मला वाचायला दिला, पण नावावर अंगठा ठेवून. मी अंगठा उचलायला गेले तर तिनं फोनच मागं घेतला. लिहिलं होतं, 'ताई, माझ्या फोनची काच फुटलीय. उजव्या कोपऱ्यात टच चालत नाही. गुर्जाचं बटण तिथंच आहे. सगळ्यांना पाहिजे असेल तर घ्या, मी किल्ल्यावर उभा राहीन. ग्रुपवर सांगू नका.'

चार वाजले. मी तिला म्हटलं, सांग की सरळ, पाच जणांचे फोन चालत नाहीत म्हणून नापास. यात लाज कसली? फोन नसणं गुन्हा आहे का? माझा आवाज चढला होता, काशम्मा दारात येऊन उभी राहिली. महेश्वरी म्हणाली, "तुमी मोर्चात बोलता अक्का. तुमाला सवय हाय. त्यानं सांगू नका म्हटलंय."

"मग आशिषला काय सांगणार?"

पास म्हटलं तर पाच जण नऊ महिन्यांच्या कमाईचं हत्यार हातात घेऊन नुसते उभे. नापास म्हटलं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण तिचं नव्हतं. तिनं चिठ्ठी उलटीसुलटी केली, डोळ्याचा चष्मा पुसला, पाणी प्याली, पुन्हा चिठ्ठी बघितली. सव्वापाचला आशिष माइकवर आला. "ताई, पाऊण तास राहिलाय. पोरं वाट बघायलेत."

"नापास," ती म्हणाली.

"का?"

"माझ्या हाताला बसत न्हाई. शंभरात अठ्ठावन्न. वय झालं माझं."

मी तोंड उघडलं तर तिनं माझा दंड असा दाबला की अजून दुखतोय. श्रावणीच्या फोनवर तिच्याच हातानं त्र्याण्णव मारले होते, मी मोजले होते. आशिषनंही ते ऐकलं होतं.

तो म्हणाला, "तुमच्या एकटीच्या हातासाठी अकरा जणांनी थांबायचं?"

"व्हय."

"हे काय बरोबर न्हाई ताई."

"न्हाई बरोबर. पण मी पास म्हणणार न्हाई. तुमाला घ्यायचा तर माझ्याशिवाय घ्या."

सहा वाजले. पेटीला कुणी हात लावला नाही. साडेसहाला दोघं टोळी सोडून गेले, दोघंही नव्या फोनवाले. आशिष थांबला, पण ताई म्हणायचं त्यानं बंद केलं आहे. 'सोलापूर' म्हणतो. गप्प बसलेले पाचही जण अजून टोळीत आहेत, आणि त्यातल्या चौघांना वाटतं की ताईच्या म्हातारपणामुळं आपला गुर्ज गेला. त्यातल्या एकानं तसं लिहिलंही.

आता ती जेवताना मधेच विचारते, "अक्का, गप्प बसलेल्या बाकीच्या चौघांचे फोन चांगले असले तर? नुसते आळशी असले तर? मी एकाच्या काचेवरून पाचांचं ठरवलं." मी म्हणते, नाही, तू बरोबर केलंस. पण मला तरी काय माहीत. मी तिथं बसून रेघा ओढल्या एवढंच. लॉटमधले आणखी पीस बघितल्याशिवाय तिला झोप लागणार नाही. आणि कंपनीनं जाहीर केलंय, पुढच्या महिन्यात गुर्ज पुन्हा त्याच किमतीला येणार. तिला पुन्हा पास की नापास सांगावं लागणार, आणि या वेळी हाताचं कारण कुणी ऐकून घेणार नाही.

तिच्या टोळीतल्या कुणाला मी विचारणार नाही, तसा शब्द दिलाय. म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्याकडं तीन-चार वर्षांचा फोन असेल, काच गेलेली असेल, झाकण रबरानं बांधलेलं असेल, तर हा गेम उघडा, सरावाच्या मैदानात गुर्ज घ्या आणि शंभर घाव मारा. शेजारी कुणाला तरी मोजायला बसवा. किती बसले आणि फोन किती वर्षांचा, एवढे दोनच आकडे एका पोस्टकार्डावर लिहून आमच्या संघटनेच्या पत्त्यावर पाठवा. नाव लिहू नका. आकडा मात्र खरा लिहा.