क्लिकवरचा गजर

पंचवीसेक वर्षांनी आमच्या बँडचा अल्बम आला आणि जो तो माझं अभिनंदन करतोय. मी दात काढून थँक्यू म्हणतो आणि आतल्या आत जळतो.

आम्ही थ्रॅश मेटल वाजवायचो. सुसाट गिटारी, घसा फाटेस्तोवर ओरडणारा गायक आणि मागे ड्रमवर घामाघूम मी. चारकोपच्या आमच्या सेक्टरात हे कुणाला समजावणार, कप्पाळ! मी केस वाढवले तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, नवस बोललाय का गं? बाबांनी तेवढंही विचारलं नाही. आम्ही एक कॅसेट काढली, मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बँड बंद पडला.

बाबा पखवाज वाजवायचे. गिरणी सुटली, पखवाज सुटला नाही. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, त्यांना कुर्ल्यापासून बोरिवलीपर्यंत बोलावणं यायचं. भजनाच्या शेवटी गजर लागला की ते लय चढवत न्यायचे. आणखी, आणखी, टाळवाल्यांची पार दमछाक व्हायची. लहानपणी त्यांच्या बाजूला बसून बसून तेच माझ्या हातात उतरलं. आमचं प्रत्येक गाणं शेवटाला तसंच चढायचं आणि समोरची पोरं येडी व्हायची. बाबा मात्र म्हणायचे, "ह्या काय वाजवतस? भांडी आपटतस काय?"

त्यांनी एकदा, फक्त एकदा, बरं वाजवलंस म्हणावं, एवढीच माझी हौस होती. पन्नाशीला आलो तरी ती गेली नाही. म्हणून गिटारवाल्याचा फोन आला, "अल्बम करूया रे, आता नाही तर कधीच नाही," तेव्हा सगळ्यात आधी मी हो म्हटलं. बाबा ऐंशीला टेकले होते.

रेकॉर्डिंग इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात होतं. हेडफोनमध्ये क्लिक, टक टक टक, एकसारखा ठोका. त्याला धरून वाजवायचं. मी गाणंभर धरायचो आणि शेवट आला की हात सुटायचे.

गिटारवाला वैतागला. "तू शेवटी पळतोस यार. तेव्हाही पळायचास."

"पळतोय कुठे? गजर आहे तो!"

"कसला गजर? भजन आहे का हे? आता सगळे क्लिकवरच वाजवतात."

मी स्टिक्स फेकल्या, शिव्या घातल्या, बाहेर जाऊन कटिंग मारला. चहा पिताना वाटलं, चौघांना एकत्र सुट्टी मिळायला इतकी वर्षं गेली, आता माझ्यापायी वाट लागायला नको. आत येऊन म्हटलं, करा काय करायचं ते. रेकॉर्डिंगवाल्याने कॉम्प्युटरवर माझा एकेक ठोका उचलून क्लिकच्या रेघेवर नेऊन बसवला. ऐकायला एकदम झकास. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

अल्बम आला त्या रविवारी मी बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि शेवटचं गाणं लावलं. जुन्या कॅसेटमधलंच, नव्याने वाजवलेलं. त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर ठेका धरला. आई शप्पथ, माझ्या गाण्यावर बाबांचा ठेका! शेवट जवळ आला तसा त्यांचा हात चढायला लागला. गाणं चढेना. हात पुढे गेला, घोटाळला, मागे आला आणि मांडीवर तसाच पडून राहिला.

हेडफोन काढून म्हणाले, "गजर चढलोच नाय."

"तिथे चढतो ते तुम्हाला काय ठाऊक?"

"तुझ्या जुन्या कॅसेटीत चढलेलो. तू घरात नसताना कितीदा ऐकलंय मी. बरां वाजवलंस त्यात."

म्हातारा इतकी वर्षं गप्प बसला होता! मला रागही आला आणि रडूही. ज्या शब्दासाठी अल्बमचा घाट घातला, तो मी केव्हाच कमावलेला होता, आणि या अल्बमसाठी तर नव्हताच.

"याही वेळी चढवला होता मी, बाबा," म्हटलं. "त्यांनी नंतर मशीनवर सरळ केला."

बाबा माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि तू करूक दिलंस?"