बिनधुरीची आंघोळ

देवाच्या धुपानं माझं डोकं उठतं, हे सांगायला आजही जीभ अडखळते. आम्ही तेव्हा वाकोल्याला चाळीत राहत होतो. लेक दोन महिन्यांची होती. बाळंतपणानंतर अर्धशिशीनं मला असं धरलं की फोडणी, खोबरेल, मोगरा, कशाचाही वास आला की डावा डोळा फुटेलसं वाटायचं आणि ओकारी यायची. सासूबाई लेकीला न्हाऊ घालून शेगडीवर ऊद-ओवा टाकायच्या, धुरी द्यायच्या आणि तिला माझ्या मांडीवर ठेवायच्या. मी तोंड फिरवायची. पोटच्या पोरीपासून तोंड फिरवायची मेली मी!

एक दिवस सासूबाई कडाडल्या, "धुरीक जा भियता, ता माणूस नाय!" झालं, धुरीला भिते म्हणून मला भुताची बाधा ठरली. पोरीला खोलीतल्या पडद्यापलीकडे ठेवलं, तिला वरचं दूध सुरू झालं. यजमान खाली मान घालून जेवत राहिले. पलीकडे ती रडायची, इकडे माझा पदर भिजायचा. शनिवारी भगत यायचा होता, आणखी धूर घेऊन.

शुक्रवारी सकाळी मी महादेवाच्या देवळात गेले. मागणं एकच होतं, मला ने. आत धूप पेटला होता. पायरीवरच मला उलटी झाली. आता हाकलतील, म्हणून मी डोळे मिटले. पण म्हाताऱ्या गुरवांनी धुपाटण्यावर तांब्या ओतला.

"अर्धशिशी ना गं? माझी आय अशीच भिंतीवर डोकं आपटायची. बस. महादेवाला नुसतं पाणी पुरतं."

मी ढसाढसा रडले, सगळं सांगून टाकलं. ते तसेच माझ्याबरोबर घरी आले. देवळातल्या माणसापुढे सासूबाई कधी बोलायच्या नाहीत. "बाधा नाही, दुखणं आहे," ते म्हणाले. "आठ दिवस पोरीला धुरी देऊ नका, मग बघा." भगताला येऊ नको म्हणून निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी शेगडी पेटली नाही. सासूबाईंनी ओली लेक माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी वाकून तिच्या टाळूचा वास घेतला. पुन्हा घेतला.

"पाज तिका," त्या हळूच म्हणाल्या.

डोकं अजून उठतं. कित्येकदा वाटतं, पुरे झालं आता. मग सोमवारी पिंडीवर तांब्याभर पाणी घालते. मागत काही नाही. मरण मागायला गेले होते, त्यानं माझी लेक परत दिली.