मोकळे झालेले हात

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात नऊ वर्षं एकाच टेबलावर होत्या. धाकटीने झाकण दाबून धरायचं, थोरलीने स्क्रू आवळायचे. धाकटीचे अंगठे सुजायचे. ते बघवेना म्हणून थोरलीने डोकं चालवलं आणि भंगारातल्या पट्ट्यांपासून झाकण धरून ठेवणारा शिकंजा बनवला.

कारखान्यात तेव्हा नव्या कल्पनांचं वारं होतं. मॅनेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, थोरलीचा फोटो फलकावर लावला. आठवड्याभराने दोघींना केबिनमध्ये बोलावून ते हसतमुखाने म्हणाले, "आता या टेबलाला एकच बाई पुरे. कल्पना तुमची, तर निवडही तुम्हीच करा. कोण राहणार?"

धाकटी शेजारीच उभी होती. गप्प राहावं, निदान एक दिवस मागून घ्यावा, असं थोरलीच्या मनात आलं. पण तोंडातून निघून गेलं, "मी."

हातमोजे काढून ठेवून धाकटी घरी गेली.

संध्याकाळी घरी तिनेच थोरलीचं ताट वाढलं. "पोटभर जेवा, ताई," ती म्हणाली, "दोघींचं काम करून आलात."

थोरली जेवली. भूक खरंच लागली होती.