लायटर, टूथपेस्ट आणि बेबी शाम्पू

लेकीच्या टेबलाच्या खणात मला आधी लायटर सापडला. आमच्या घरात कोणी विडी-सिगरेट ओढत नाही. मी तो होता तिथेच ठेवला.

मुलगी तेवीस वर्षांची, घरूनच लॅपटॉपवर नोकरी करते. नवरा जवळच खमरियाला फॅक्टरीत कामाला. मी शाळेत शिकवते, मुलांची लबाडी तोंडावरून ओळखते. म्हणून तिच्या तोंडाकडे बघू लागले. ओढण्यांचा वास घेतला, धुराचा मागमूस नव्हता. पण टूथपेस्टची नवी ट्यूब चार दिवसांत अर्धी झाली. तोंडाचा वास घालवायला, दुसरं काय?

मग तिच्या बॅगेत बेबी शाम्पूची बाटली दिसली. आता हे बाळाचं काय प्रकरण? त्यात ती पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगसाठी नागपूरला जाणार होती.

"हा शाम्पू काहून?" मी विचारलं.

"ऑफिसच्या फ्रेंडच्या बेबीसाठी. तू नाही ओळखत तिला."

रविवारी दुपारी गच्चीवरून जळका वास आला. मी चपला न घालताच वर गेले. ती उकिडवी बसली होती, हातात पाण्याखाली घालायचा काळ्या रबराचा चष्मा, ज्यात नाकही झाकलं जातं. त्याच्या काचांना आतून लायटरची ज्योत लावत होती. दोन्ही काचा काळ्या पडल्या होत्या.

"काय करून राहिली?"

ती दचकली, मग भराभर सांगू लागली. "आई, नवीन काचेवर एक पतली परत असते, तेलकट थर, त्यामुळे श्वासाची भाप जमते, पाण्यात काहीच दिसत नाही. म्हणून जाळायची, रबर सांभाळून. मग टूथपेस्टने घासायची. आणि पाण्यात उतरायच्या आधी शाम्पूचा एक थेंब. बच्चोंवाला, आँखों में जलता नहीं."

"नागपुरात कुठला समुद्र आहे?"

तिने लायटर खाली ठेवला. "अंदमान. मैत्रिणींसोबत. बाबांना माहीत आहे."

लायटरपेक्षा ते मला जास्त लागलं.

तरी सगळं खरं मानायला मन तयार होईना. काचा गार झाल्यावर मी तिला न्हाणीघरात नेलं, दोन्ही काचा टूथपेस्टने घासून घेतल्या आणि फक्त उजव्या काचेला शाम्पू लावून विसळायला लावलं. मग चष्मा स्वतः चढवला आणि नाकाने जोरात श्वास सोडला. डावी काच धुरकटली. उजवीतून नळ, बादली आणि तिचा उतरलेला चेहरा स्वच्छ दिसत होता.

संध्याकाळी नवरा चहा पीत होता.

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू नाही म्हटलं असतं."

"हो, म्हटलं असतं. पण विचारायला पाहिजे होतं." मी पुढे दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

ती गेली. पहिल्या डुबकीनंतर तिचा फोन आला. मासे दिसले म्हणाली, अगदी जवळून, काच शेवटपर्यंत साफ होती. आवाजात आनंद मावत नव्हता. मलाही बरं वाटलं.

"सोबत कोण कोण आहे?" मी विचारलं.

"सांगितलं ना, तिघी मैत्रिणी."

"अच्छा," मी म्हटलं. "त्यातल्या एकीला दे जरा फोन."