रद्दीची हातगाडी

कांदिवलीत आमच्या वसाहतीमागे एक धर्मादाय रुग्णालय आहे. ते कोणा एका धनिकाच्या औदार्यावर चाललेले नाही, हे मी ठामपणे सांगू शकतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एक हातगाडी आमच्या इमारतींमधून फिरते आणि घरोघरची रद्दी गोळा करते. ती विकून आलेल्या पैशांतून तिथल्या डोळ्यांच्या विभागात भिंगे आणि औषधे येतात. गिरण्यांतले काम सुटलेल्या कोकणी कुटुंबांनी आणि त्यांच्या शेजारच्या बौद्ध कुटुंबांनी मिळून ही प्रथा पाडली. तेव्हा वर्तमानपत्र घेणारी घरे थोडी होती. बाकीचे आपापल्या कामाच्या ठिकाणाहून रद्दी मागून आणत.

ती हातगाडी मध्यंतरी मी बंद केली होती.

वसाहतीच्या समितीचा चिटणीस झाल्यावर मला वाटू लागले की सुतळी, वजनकाटा आणि घामाघूम स्वयंसेवक हा सारा प्रकार आता जुना झाला. प्रत्येक इमारतीच्या लिफ्टजवळ क्यूआर कोड लावावा, ज्याला जे जमेल ते त्याने पाठवावे, असा ठराव मी मांडला. गाडी ओढणारा माझा जुना मित्र, निवृत्त वायरमन, तेवढा आडवा आला. तो म्हणाला, “कोड लाव ना यार, पण गाडी कशाला बंद करतोस?” मी त्याला शांतपणे उत्तर दिले. मी हळू बोलतो, त्यामुळे माझा हट्ट लोकांना समजूतदारपणा वाटतो. त्या दिवशी मी या समजुतीचा फायदा घेतला, हे आज मला कबूल केले पाहिजे.

पैसे आले, पूर्वीपेक्षा कमी आले नाहीत. म्हणूनच चूक लक्षात यायला मला इतका वेळ लागला.

आमच्या तळमजल्यावर मालवणकडच्या एक काकी राहतात. यजमान गिरणीत होते, ते गेले. काकी तीन घरी स्वयंपाक करतात. त्या तिन्ही घरांची वर्तमानपत्रे आणि हल्ली सामानाबरोबर येणारे पुठ्ठ्याचे खोके त्या चपटे करून आणत आणि सुतळीने असे बांधत, की गठ्ठा गाडीवरून फेकला तरी सुटत नसे. गाडी बंद झाल्यानंतर रुग्णालयाच्या तपासणी शिबिरात डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते, की उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे. आणखी उशीर केला तर दृष्टी धोक्यात येईल. शस्त्रक्रिया मोफत होणार होती. तरी काकी गेल्या नाहीत.

तीन महिन्यांनी त्या मला जिन्याजवळ भिंतीला हात लावून चालताना दिसल्या. मनगटावर फोडणीच्या तेलाने भाजल्याचा ताजा डाग होता. मी काळजीने विचारले, अजून का गेला नाहीत? त्यांनी आवाज चढवला नाही.

“माजी रद्दी तुमका नको, मगे माजो डोळो कित्याक व्हयो?”

मी क्यूआर कोडचे काहीतरी बोलू लागलो. काकींच्या हातात बटणांचा साधा फोन होता. रुग्णालयाच्या फाटकातून त्या इतकी वर्षे गठ्ठा देणाऱ्या म्हणून मानाने आत गेल्या होत्या. मी त्यांना मदत मागणारी बाई करून ठेवले होते. देणारा आणि घेणारा यांच्यातले अंतर ज्या हातगाडीने पुसून टाकले होते, ती मी जुनाट ठरवली होती.

पुढच्या बैठकीत मी उभा राहून चूक सांगितली. कोणी टोमणा मारला नाही. मित्र फक्त म्हणाला, “चाक गंजलंय. तेल तू आणायचंस.” मी आणले.

रविवारी पहिले दार काकींचे वाजवले. त्यांनी मला बराच वेळ ताटकळत ठेवले. मग गठ्ठा बाहेर आणला, मला तो उचलता येतो का हे पाहिले आणि म्हणाल्या, “आता सांग त्या डॉक्टराक, येतंय म्हणान.”

ठरल्या दिवशी त्या ताठ मानेने फाटकातून आत गेल्या. शस्त्रक्रिया नीट झाली.

कोड अजून लिफ्टजवळ आहे, गाडीही फिरते आहे, आणि ती आता थांबणार नाही. पट्टी निघाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी काकी खाली आल्या. काळा चष्मा किंचित वर करून त्यांनी गाडीवरचे गठ्ठे एकेक न्याहाळले. एकावर त्यांची नजर थांबली.

“हो गठ्ठो कोणी बांधल्यान?”

“मी,” मी म्हटले.

त्यांनी तो सोडला, कागद सारखे केले, सुतळी पुन्हा आवळली आणि मला गाठीवर बोट ठेवायला सांगितले. मी ठेवले.