साडेसातीची टकटक

बहारीनमधल्या गुदैबिया भागातल्या त्या रत्नागिरीकर मेकॅनिकला मी कधी नावही विचारलं नाही, याची रुखरुख आजही आहे. सत्तरच्या दशकात मी एका अरबाचा ड्रायव्हर होतो. त्याची अवाढव्य अमेरिकन गाडी चालवताना टकटक ऐकू येऊ लागली आणि आता माझी नोकरी जाणार, असं मी धरूनच चाललो.

मेकॅनिकने इंजिनाचं झाकण उघडलं, पातळ पत्ती घालून एकेका व्हॉल्व्हची फट नीट केली आणि झाकण लावून गाडी सुरू केली. टकटक होतीच! पुन्हा उघडलं, पुन्हा फट तपासली. टकटक कायम.

"माझंच काही चुकलं असेल," मी म्हणालो.

"गप रे! ऐकू दे."

त्याने लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि टोक इंजिनावरून, मडगार्डवरून सरकवत थेट माझ्या बोटावर आणलं. घाबरलो की मी बोट आपटतो. गाडी चालवताना स्टिअरिंगवर, आता मडगार्डवर. त्या बोटात आईने साडेसातीसाठी दिलेली, घोड्याच्या नालेची अंगठी होती.

"काढ हा शनी, भाऊ. साडेसाती खलास!"

नोकरी वाचली. तरी आजही घरात काही बिघडलं, की मी आधी माझंच बोट बघतो.