अन्सामावशींची उघड्यावरची झोप

अन्सामावशी घरात झोपत नसत. थंडी असो, पाऊस असो, त्यांचा लोखंडी पलंग अंगणातच. वर चार खांबांवर टाकलेला पत्रा, बाजूंना काही नाही. मी परंड्याहून लग्न होऊन सास्तूरला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडे हा पलंग पाहिला आणि सासूबाईंना विचारलं, "त्यांचं घरात भांडण झालंय का?" सासूबाईंनी मला हळू बोलायची खूण केली. "भूकंपापासून त्या छताखाली झोपत न्हाईत," एवढंच म्हणाल्या. आमच्या गावात एवढं सांगितलं की पुरतं.

मावशी अंगणवाडीत सेविका होत्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. संध्याकाळची बुद्धवंदना झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. बोलायला मात्र तिखट. निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या आया रडकी पोरं त्यांच्याकडेच आणून सोडायच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून त्या मला 'मास्तरीणबाई' म्हणायच्या, आणि त्यात मान किती अन् चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "तुमी पोरांना वाचायला शिकीवता, म्या गप बसायला शिकीवलं. तुमचं सोपं हाय."

त्यांचं घर भूकंपानंतर बांधून मिळालेलं, सिमेंटचं. एकदा मी म्हटलं, "मावशी, हे घर नाही पडायचं हो." त्या पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. "घर पक्कं हाय, म्या कुटं न्हाय म्हणते? त्यात भांडी हायत, कपडे हायत, दिसभर म्याबी हाय. पर मास्तरीणबाई, पत्रा अंगावर पडला तर माणूस कण्हत का हुईना उटतं. धोंडा पडला तर न्हाय." मग त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगदाणे टाकले आणि विषय संपवला. जुन्या गावात त्यांचं दगडमातीचं माळवदाचं घर होतं. त्या पहाटे नवरा आणि धाकटी मुलगी त्यात गेली. संजय, त्यांचा मुलगा, आजोळी कळंबला होता म्हणून राहिला. त्यापलीकडचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

उघड्यावर झोपणाऱ्या माणसाचं घोरणं सगळ्या गल्लीचं असतं. मावशींच्या घोरण्यावरून आम्ही त्यांची थट्टा करायचो, त्याही हसायच्या. पण पुढं पुढं ते घोरणं मध्येच तुटायला लागलं. एकदम गप्प, आणि मग पाण्यात बुडालेलं माणूस वर यावं तसा मोठा श्वास. दिवसा त्या बोलता बोलता पेंगायच्या. एकदा चुलीजवळ डुलकी लागून पदर जळला, तेव्हा संजय पुण्याहून आला आणि त्यांना लातूरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. झोपेत श्वास थांबतो, असाच थांबत राहिला तर हृदयावर येईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नाकावर मुखवटा लावून हवा सोडणारं एक यंत्र त्यांनी दिलं.

यंत्र देणाऱ्यानं नीट समजावलं होतं. भिंतीतल्या बटणालाच लावा, जोडवायर वापरू नका, ओलीपासून लांब ठेवा. संजयनं हो हो केलं. घरी आल्यावर मात्र त्यानं खिडकीतून लांब वायर काढली, मध्ये एक जोड दिला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, वायर वाऱ्यानं हलू नये म्हणून पलंगाच्या पायाला वेढे दिले आणि बोर्ड विटेवर ठेवला. पिनेचा तिसरा, अर्थिंगचा दांडा घरातल्या जुन्या बोर्डात बसेना, तो मोडून टाकला. आई आत येणार नाही, मग वीज बाहेर नेऊ, इतका साधा विचार. खरं सांगते, आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. भूकंपानं ज्याची झोप अंगणात काढली त्याला आत ये म्हणायचं नाही, ही आमच्या गावची रीतच पडली होती. दुसऱ्या गावातला कुणी असता तर पहिल्या दिवशीच ओरडला असता.

यंत्रानं मावशींचं रूप पालटलं. पेंगणं गेलं, डोळ्यांत तेज आलं, आणि जिभेलाही जास्त धार चढली. गल्लीतली पोरं मुखवट्याला सोंड म्हणायची. "व्हय रं, सोंड लावली की हत्तीण, काडली की अन्सा," असं म्हणून त्या पोरांना सोंड लावायला धावायच्या. मला म्हणाल्या होत्या, "लई वर्सांनी सकाळ झाल्यावाणी वाटतंय बगा."

मग उन्हाळ्यात अवकाळी पाऊस झाला. दोन-तीन दिवस पत्र्यावर ताशे, अंगणात चिखल. उघडीप झाली त्या सकाळी मी आमच्या कुंपणातून वाकून त्यांना वाटीभर आमटी द्यायला गेले. पायात चपला नव्हत्या. मावशी म्हणाल्या, "थांबा, तितं नगा येऊ," पण तोवर माझा हात पलंगाच्या दांडीला लागला होता. झटका बसला आणि मी वाटीसकट मागं चिखलात बसले. हात खांद्यापर्यंत बधिर.

मावशी रबरी चपला घालून उभ्या होत्या. आता माझ्या लक्षात आलं, की दोन-तीन दिवसांपासून त्या पलंगावर चढेपर्यंत चपला काढत नव्हत्या, आणि गादीखाली रबरी चटई आली होती. मी उठले ती रागानंच.

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी नजर पायातल्या चपलांकडं वळवली.

"कधीपासून?"

"पाऊस लागल्यापून. हात लावला की मुंग्या यायच्या."

"मग बोलला का नाहीत? जीव गेला असता तुमचा!"

"बोलले असते तर तुमी समद्यांनी मला आत नेलं असतं," त्या म्हणाल्या. मग माझ्या हाताकडं पाहून त्यांचा चेहरा पडला. "माझा जीव गेला असता तर चाललं असतं, मास्तरीणबाई. तुमचा गेला असता तर म्या काय केलं असतं?"

रशीदभाई वायरमन आले. त्यांनी आधी आतला मुख्य खटका पाडला, मग वायर सोडवली. जोडावरची पट्टी भिजून सुटली होती आणि उघडी तार पलंगाला टेकली होती. "चपलेवर तगलात मावशी, अल्लाची मेहरबानी," ते म्हणाले. "अर्थिंग करून देतो, वीज गळली की आपोआप पडणारा खटका बसवतो, तीन पिनेचा नवा बोर्ड देतो. पण मशीन आत. उघड्यावर वायर काढायची जिम्मेदारी मी घेणार नाही." मावशी म्हणाल्या, "मग मशीनच न्या." संजय फोनवर रडकुंडीला आला. डॉक्टरांचं बोलणं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. यंत्राशिवाय श्वास थांबणार, यंत्रासकट उघड्यावर वीज धरणार. उरली होती फक्त आतली खोली.

मी त्यांना काहीच समजावलं नाही. माझा हात अजून ठणकत होता, तोच गळ्यात बांधून त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. त्या बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिल्या. शेवटी रशीदभाईंना म्हणाल्या, "करा तुमचं काम. पर दाराची फळी काडून ठिवा. दार नगं मला."

काम झालं त्या दुपारीच त्या आत आडव्या झाल्या. लाकडी बाज भिंतीजवळ टाकलेली, यंत्र स्टुलावर, वायर सरळ भिंतीत. मुखवटा त्यांनी स्वतःच चढवला. मी उंबऱ्यावरच होते. त्या डोळे मिटायच्या, उघडायच्या, छताकडं बघायच्या. मग यंत्राचा मंद आवाज तेवढा राहिला आणि त्या झोपल्या. दिवेलागणीला जाग आली तेव्हा मुखवटा काढून त्या रडायला लागल्या. मी भ्याले. "काय झालं मावशी? भीती वाटली?"

"भ्याव कदीच न्हवतं," त्या म्हणाल्या. "त्या पहाटे म्या पाणी प्यायला अंगणात आलते. धरणी हालली अन् दार आडकलं. ते आतून ढकलायलेत, म्या भायरून. पोरगी आई आई म्हणायली. मग आवाजच बंद झाला. ती दोगं आत, म्या भायर. मला आत झोपायला तोंड न्हवतं, मास्तरीणबाई. आज झोपले, तर मेली गाढ झोप लागली. त्याचंच रडू येतंय."

तीस वर्षं सगळं गाव त्यांना भित्री समजत होतं, मीसुद्धा. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मीही रडले. यंत्र कुणीच बंद केलं नव्हतं, ते नुसतंच हवा सोडत बसलं होतं.

त्यानंतर त्या रोज आत झोपल्या. यंत्रातलं, हवा ओलसर करणारं पाणी बदलायच्या आधी खटका पाडायचा, हात कोरडे करायचे, हे त्यांनी इतकं अंगी बाणवलं की गल्लीत कुणी ओल्या हातानं बटण दाबलं तरी त्या अंगणातून ओरडायच्या.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. लातूरच्या दवाखान्यात सगळे उपाय थकले तेव्हा संजयनं त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आई, काय पायजे?" आवाज फार खोल गेला होता. "मला घरी न्या," त्या म्हणाल्या. मग खाटेच्या पलीकडं उभ्या असलेल्या माझ्याकडं वळून, जणू मी विसरेन म्हणून, पुन्हा म्हणाल्या, "अंगणात नगं बरं का. आत निजवा."